शंका-समाधान : मीडियम फॉरमॅट (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा कुठला घ्यावा?

प्रश्न : पैठण्या आणि दागिन्यांच्या कॅटलॉगचं काम करतो. महिन्यातून दोनदा मॉडेलसह उन्हात फ्लॅशवर शूट असतं. फुजी जीएफएक्स १००एस टू घ्यावा की हॅसलब्लाड एक्स२डी? हॅसलब्लाडचा जुना फिल्म कॅमेरा ५००सी/एम आणि त्याची ८० मिमी लेन्स घरात पडून आहे, ती चालेल का?
– एक वाचक, येवला

उत्तर : सेन्सर पाहून ठरवायला जाल तर अडकाल. दोन्हींत तो ४३.८ × ३२.९ मिमीचा, १०० मेगापिक्सेलचाच आहे. फरक शटरमध्ये आहे. फुजीचं शटर बॉडीत, म्हणून फ्लॅश सिंक (फ्लॅश ज्या वेगापर्यंत जुळतो तो) १/१२५ सेकंद. एक्स२डीच्या बॉडीत मेकॅनिकल शटरच नाही. ते लेन्समध्ये असतं आणि १/२००० पर्यंत फ्लॅश जुळतो.

आता भर उन्हाचं गणित करा. आयएसओ १००, एफ/१६ ला साधारण १/१००. मागचं धूसर हवं म्हणून लेन्सचं छिद्र एफ/४ पर्यंत उघडलंत की शटर १/१६०० वर जातं. हॅसलब्लाडवर ते सरळ जमतं. फुजीवर चार स्टॉपचा (प्रकाश सोळाव्या भागावर आणणारा) एनडी फिल्टर, म्हणजे गडद काच, लावावा लागतो, आणि तो उन्हाबरोबर फ्लॅशही खातो. म्हणजे दिवा तेवढा दमदार हवा, मॉडेलच्या जवळ हवा.

तरी तुम्हाला आम्ही फुजीच सुचवू. उन्हातलं काम महिन्याला दोनदाच. त्यासाठी फिल्टर आणि चांगला बॅटरीचा दिवा पुरे.

काठाच्या विणीवर मात्र नजर ठेवा. दोन्ही कॅमेऱ्यांत लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित मऊ करणारा थर) नाही, त्यामुळे धाग्यांची ओळ पिक्सेलच्या ओळीशी भिडली की रंगीत लाटा (मॉयरे) उमटतात. आधी १०० टक्के झूम करून बघा; छोट्या आकारात दिसणारी लाट बऱ्याचदा नुसती स्क्रीनची असते. खरी असेल तर कॅमेरा वीतभर मागेपुढे करा किंवा थोडा तिरका धरा. एफ/१६ वर डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) ती मऊ होते, पण जरीची धारही जाते.

दागिन्यांसाठी आणखी एक : फुजीची १२० मिमी मॅक्रो लेन्स १:२ पर्यंतच (सेन्सरवर वस्तू निम्म्या आकाराची) जाते, हॅसलब्लाडचीही तेवढीच. नथ फ्रेमभर हवी तर एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स बॉडीपासून पुढे नेणारी नळी) आणि फोकस ब्रॅकेटिंग (फोकस सरकवत घेतलेले अनेक फोटो) लागेल. अनकॉम्प्रेस्ड रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) सुमारे २०० एमबीची, म्हणजे ३०० फोटोंना ६० जीबी. डिस्कचा खर्च आत्ताच धरा.

८० मिमी लेन्स अडॅप्टरने एक्स२डीवर बसते, पण मग केवळ इलेक्ट्रॉनिक शटर उरतं : फ्लॅश बंद, आणि फोटो ओळीओळीने टिपला जात असल्याने मॉडेल हलली की पदर वाकडा. फुजीवर बॉडीच्या शटरने फ्लॅशसह चालते, फोकस हाताने. ५००सी/एमच वापरायचा असेल तर सीएफव्ही १००सी ही डिजिटल बॅक त्याच्या मागे फिल्मच्या जागी बसते आणि लेन्सच्या शटरने १/५०० पर्यंत फ्लॅश मिळतो. मात्र फोकस बॅकच्या स्क्रीनवर मोठं करून पाहा. कॅमेऱ्याच्या फोकसिंगच्या काचेवर नेमकं वाटलेलं १०० मेगापिक्सेलला अनेकदा चुकलेलं निघतं.