थोरलीचं मिशिगन

२०२५ च्या मार्चअखेरीस एडिसनहून एका गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, मुलीला ॲन आर्बरला, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनला ॲडमिशन मिळालीय. पैशाचं मी बघतो. कर्जाचे फॉर्म कसे भरायचे तेवढं सांगा."

न्यू जर्सीत कॉलेजला जाणाऱ्या मुलांचं आणि त्यांच्या आईवडिलांचं समुपदेशन करताना हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. 'पैशाचं मी बघतो' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच बघत असतो आणि बाकीचं घर गप्प असतं. मी म्हटलं, फॉर्म नंतर भरू, आधी सगळे एकत्र बसू या.

शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. आईवडील, थोरली आणि आठवीतला धाकटा. दाराजवळच्या खुर्चीवर मिशिगनचा निळा स्वेटशर्ट होता. प्रवेशाची बातमी आली त्याच रात्री बाबांनी मागवलेला, आणि लेबल अजून तसंच.

काळजी नेहमीचीच होती. विद्यापीठ सरकारी, मग एवढं महाग कसं? ते परवडायचं कसं? आणि परवडलं नाही तर मुलीला काय सांगायचं?

सरकारी म्हणजे स्वस्त, हा हिशेब आपण भारतातून सोबत आणलेला असतो. इथली सरकारी विद्यापीठं त्या त्या राज्याची. राज्याच्या रहिवाशाला फी कमी, कारण त्याचे आईवडील त्या राज्याला कर भरतात. बाहेरच्याला ती दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त. महाराष्ट्रातल्या डोमिसाइलचाच हा प्रकार, फक्त इथे त्यावरून जागेपेक्षा मुख्यतः फी ठरते. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला मिशिगनचा वर्षाचा सगळा खर्च ८० हजार डॉलरच्या वर. घराजवळच्या रटगर्समध्ये, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, राहून-जेवून ३५ ते ३८ हजार. थोरलीला इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठातही प्रवेश मिळाला होता. तिथे बाहेरच्यांची फी २८,७९४ डॉलर आणि २०१३ पासून ती वाढवलेलीच नाही. सगळं धरून ४२ हजारांच्या आसपास. या तिसऱ्या पत्राबद्दल घरात कोणी फारसं बोललंच नव्हतं.

"एक वर्ष तिथे राहिली की रहिवासी होईल ना?" बाबांनी विचारलं. त्यांना ऑफिसातल्या कोणीतरी तसं सांगितलं होतं. हा गैरसमज मला सारखा भेटतो. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचं राज्य साधारणपणे आईवडिलांचंच धरतात. शिकायला म्हणून चार वर्षं राहिलं तरी फी बाहेरच्याचीच. या आशेवर पहिल्या वर्षाची फी भरलेली घरं मी पाहिली आहेत आणि दुसऱ्या वर्षी त्यांची झालेली तारांबळही.

मग आईने धाकट्याची गणिताची वही ओढली आणि चौकटींचं मागचं पान उघडलं. मी म्हटलं, मिशिगनचा आकडा आत्ता लिहू नका. आधी घरातून दरवर्षी काय निघतं ते लिहा.

थोरलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचतखात्यात, ४८ हजार होते. वर्षाला १२ हजार. दोघांच्या पगारातून महिन्याला १,५०० निघत होते, वर्षाला १८ हजार. थोरली उन्हाळ्यात काम करून ३ हजार आणेल. फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरला होता. मदत काही मिळाली नव्हती, पण थोरली इथली नागरिक असल्याने तिच्या स्वतःच्या नावावर केंद्र सरकारचं कर्ज मिळणार होतं. पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००. चार वर्षांत २७ हजार. विद्यार्थ्याच्या डोक्यावर याहून जास्त बोजा नको, असंच मी प्रत्येक घरी सांगते. पदवीनंतरच्या पहिल्या पगारातून तो फेडता येतो.

आईने बेरीज केली. वर्षाला ३९,७५०.

"आता मिशिगन लिहा."

तिने ८२,००० लिहिलं. वजाबाकी ४२ हजारांच्या वर गेली. चार वर्षांत जवळपास १ लाख ७० हजार, आणि यात फीवाढ धरलेलीच नाही.

बाबांचं उत्तर तयार होतं. पालकांनी घ्यायचं केंद्राचं पॅरेंट प्लस कर्ज. उरलं तर तळेगावचा प्लॉट विकायचा. त्या कर्जाचा त्या वर्षीचा व्याजदर ९.०८ टक्के होता आणि हातात रक्कम पडायच्या आधीच चार टक्क्यांहून थोडं जास्त शुल्क कापलं जायचं. तेव्हा विद्यापीठाचा पूर्ण खर्च भागेल एवढं कर्ज मिळायचं. तेच मला घातक वाटायचं, कारण 'पुरे' म्हणणारं कोणीच नव्हतं. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना मर्यादा घातली आहे: एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार. खड्डा याहून मोठा असेल तर लोक खासगी कर्जाकडे वळतील, म्हणून आता तर हा हिशेब प्रवेशाआधीच करायला हवा.

मी हप्ता काढून दाखवला. दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याला २,१०० डॉलरच्या वर. घरातून आज निघतात १,५००.

"आणि हा हप्ता सुरू कधी होणार?" आईने विचारलं.

"पुढे ढकलून घेतला तर तिची पदवी झाली की. २०२९."

आईने २०२९ लिहिलं आणि पेन्सिल तिथेच थांबली. मग त्याच आकड्याखाली तिने धाकट्याचं नाव लिहिलं. तो त्याच वर्षी बारावी संपवणार होता. वही त्याचीच असल्याने तो वाकून बघत होता. "म्हणजे माझं कॉलेज आणि ताईचा हप्ता एकदमच?" कोणी काही बोललं नाही.

बऱ्याच वेळाने बाबा बोलले ते वेगळंच. १९९४ साली त्यांचा मुंबईला नंबर लागला होता. हॉस्टेलचा खर्च झेपणार नाही म्हणून वडिलांनी औरंगाबादलाच ठेवलं. "माझ्या मुलीला 'झेपणार नाही' हे शब्द ऐकावे लागू नयेत, एवढंच होतं मॅडम." हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही.

मी थोरलीला विचारलं, "तुला काय हवंय?" तोवर तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, मला घरापासून लांब राहून शिकायचंय आणि स्टॅटिस्टिक्स चांगलं हवंय. मिशिगनच पाहिजे असं मी कधी म्हटलंच नाही. बाबा इतके खूश होते, मग मी पर्ड्यूचं पत्र दाखवून ठेवून दिलं."

मुलांचं हे ठेवून देणं मला फार लागतं. आईबाप मुलांसाठी कर्ज काढायला निघतात, मुलं आईबापांसाठी मनातलं दडवतात, आणि ८० हजारांचा निर्णय कोणालाच नको असताना होऊन जातो.

तरी दोन आठवडे आम्ही सगळ्या वाटा तपासल्या. मिशिगनच्या आर्थिक मदत कार्यालयाला फेरविचारासाठी पत्र लिहिलं, सौजन्याने नकार आला. तिथली गो ब्लू गॅरंटी ही फीमाफीची योजना फक्त मिशिगनच्या रहिवाशांसाठी आहे. व्हर्जिनिया आणि चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना ही विद्यापीठं बाहेरच्या विद्यार्थ्यांचीही गरज पूर्ण भागवतात, पण गरज ठरवतात ती त्यांच्या हिशेबाने, आणि तिथे थोरलीने अर्जच केला नव्हता. टेक्सासात स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली तर राज्याबाहेरची जादा फी माफ होऊ शकते. पश्चिमेकडच्या राज्यांचा आपसात करार आहे. त्यात सहभागी विद्यापीठांत बाहेरच्याला रहिवाशाच्या फार तर दीडपट फी पडते. न्यू जर्सी त्यात नाही. एप्रिलमध्ये या वाटा बंद झालेल्या असतात. म्हणून अकरावीतल्या मुलांच्या पालकांना मी कळकळीने सांगते: अर्जांची यादी करण्याआधी प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती पडेल ते कळतं. तो ठेवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. राज्याबाहेरच्यांसाठीचे आकडे त्यात वेगळे धरलेत का, तेही पाहा. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या, मुलांना केंद्राचं कर्ज आणि अनुदान मिळत नाही, तेव्हा त्यांच्या घरी हा हिशेब आणखी लवकर मांडा.

पर्ड्यूसाठी वर्षाला सव्वादोन हजारांच्या आसपास कमी पडत होते. एक जुनी गाडी बदलायची होती, ती पुढे ढकलली. प्लॉटला हात लावला नाही, आणि याबाबतीत मी हट्ट धरला होता. मुलीला शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी आईवडिलांना कोणी देत नाही. १ मे ही प्रवेश पक्का करायची तारीख. थोरलीने २९ एप्रिलला पर्ड्यूचे पैसे भरले.

बाबांना जड गेलं. तीन आठवडे त्यांनी मला फोन केला नाही. मग केला तो धाकट्याच्या ५२९ खात्यात महिन्याला किती टाकावेत हे विचारायला. स्वेटशर्टाचं काय केलं, ते मी विचारलं नाही.

या जानेवारीत थोरलीचा मेसेज आला. वसतिगृहात रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे तिथल्या मुलांकडे लक्ष ठेवणारी विद्यार्थिनी, म्हणून निवड झाली तर राहण्या-जेवणाचा खर्च सुटतो, त्यासाठी ती अर्ज करतेय. "मावशी, रेझ्युमे पाठवलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही, निवड झाली की सांगेन. बघून द्याल?"

रात्रीच बघून पाठवला. दोन ठिकाणी तारखा चुकल्या होत्या.