नववीत कादंबरीवरची चर्चा: आधी त्या 10 गुणांचं काहीतरी करा

ताई, तुमची पोस्ट वाचली. नववीची 42 मुलं, जॉर्ज ऑर्वेलची प्राण्यांच्या बंडावरची कादंबरी 'अ‍ॅनिमल फार्म', चर्चा मुलांनीच चालवायची आणि बोलतात तेच चौघं. वर ऑफिसला प्रत्येकाचे 'सहभाग' म्हणून 10 पैकी गुण हवेत. त्यामुळे परत नेहमीसारखं शिकवायला लागावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : अजिबात नको. गोल बसवणं, नियम सांगणं वगैरे तुम्ही करताच आहात, त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

खरं दुखणं त्या 10 गुणांचं आहे. आमच्याकडेही असाच कॉलम होता. बदलून मागितला तर 'सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही' एवढंच उत्तर, तेही तोंडी. अख्खं सत्र त्या कॉलमने खाल्लं. कोण किती वेळा बोललं यावर गुण दिले की सगळ्यात स्वस्त वाक्य चलनात येतं : 'आय अ‍ॅग्री विथ हर'. पुस्तक न वाचताही ते म्हणता येतं. बोलकी मुलं आणखी बोलतात, तयारी करून आलेल्या अबोल मुलीला 3 मिळतात, आणि पुढच्या वेळी ती तयारीही करत नाही. एकमेकांचं ऐकणं तर संपतंच, कारण प्रत्येकजण आपली पाळी कधी येते ते बघत असतो.

म्हणून कॉलमचं नाव तसंच राहू द्या, आत काय मोजायचं ते बदला. 4 गुण घरून लिहून आणलेल्या प्रश्नाला, 3 पुस्तकातल्या नेमक्या जागेचा आधार शोधल्याबद्दल, 3 चर्चेनंतरच्या लेखनाला. तोंड न उघडताही 10 मिळू शकतात, हे मुलांना स्पष्ट सांगा. तोंडी परीक्षेची भीती गेली की बरीच मुलं (सगळी नाही) आपणहून बोलायला लागतात. ही वाटणी एका कागदावर लिहून को-ऑर्डिनेटरची तारखेसह सही घ्या. सत्राच्या शेवटी हाच कागद कामी येतो.

4 गुण प्रश्नाला का, तर चर्चा तिथेच ठरते. 'नेपोलियन वाईट आहे का?' (नेपोलियन म्हणजे सत्ता हातात घेणारं डुक्कर) हा प्रश्न अर्ध्या मिनिटात मरतो. त्याऐवजी हे बघा : दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दूध नाहीसं झाल्याचं लक्षात येतं. तिसऱ्यात कळतं की ते डुकरांच्या खाण्यात जातंय, आणि डुकरांची बाजू मांडणारा स्क्वीलर सगळ्यांना हाकललेला मालक जोन्स परत येण्याची भीती घालतो. मग प्राणी गप्प बसतात ते पटलं म्हणून की घाबरून? याला पुस्तक उघडावंच लागतं आणि दोन्ही बाजूंनी बोलता येतं. सहाव्या प्रकरणात क्लोव्हर या घोडीला पलंगाविषयीचा नियम वेगळा आठवतो. तिला नीट वाचता येत नाही, म्हणून ती म्यूरिएल या शेळीकडून भिंतीवरचा नियम वाचून घेते. लिहिलेलं एक आणि आठवतंय दुसरं, मग तिने कशावर विश्वास ठेवायचा? अबोल मुलं या जागेवर हमखास बोलतात.

वेळेचं म्हणाल तर 35 मिनिटांच्या एका तासात 42 मुलांची चर्चा होत नाही, जोडतास मागाच. 14-14 चे तीन गट करा. एक गट आत बोलतो. बाहेरच्यांपैकी 14 जण आतल्या एकेका मुलावर लक्ष ठेवून त्याने दिलेला आधार टिपतात, उरलेले 14 पुढचा प्रश्न तयार करतात. सुरुवातीला 5 मिनिटं, 17-17 मिनिटांच्या तीन फेऱ्या, गट बदलायला प्रत्येकी 2 धरून 4 आणि शेवटी 10 मिनिटं लेखन. झाले 70. लेखनाची 10 मिनिटं कापू नका, 'ओपन हाउस'ला (पालकसभेला) 'टीचर शिकवतच नाहीत' म्हणणाऱ्या पालकांसमोर तेच कागद ठेवायचे असतात.

तुम्ही गोलाच्या बाहेर बसा आणि वहीत बघत राहा. मान वर केलीत की बोलणारं मूल तुमच्याकडे वळतं आणि बाकीचे सुटतात. शांतता पसरली तर मनात सावकाश वीस मोजा. बहुतेक वेळा त्याआधीच कुणीतरी बोलतं. मराठीत मुद्दा सुचला तर मराठीत मांडू द्या, दुसऱ्याने तो इंग्रजीत सांगावा. सेमी-इंग्रजी वर्गात याला जास्त वेळ लागेल.

कादंबरी रशियन क्रांतीवरचं रूपक आहे, पण ती क्रांती आधी शिकवू नका, हे माझं ठाम मत. आधी शिकवली की मुलं 'नेपोलियन म्हणजे स्टालिन' अशा जोड्या लावत बसतात आणि दुधाकडे कुणी बघत नाही. पाचव्या प्रकरणात नेपोलियनचा प्रतिस्पर्धी स्नोबॉल याला हाकलल्यानंतर इतिहासाला एक तास द्या, पुरतो.

आणखी एक, पुस्तकांचं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून प्रत्येकजण वेगळी आवृत्ती आणतो, त्यामुळे 'पान 27' म्हटलं की पाच मिनिटं पानं उलटण्यात जातात. पहिल्याच दिवशी प्रत्येक प्रकरणातल्या परिच्छेदांना समासात पेन्सिलने क्रमांक घालून घ्या आणि चर्चेत 'प्रकरण 3, परिच्छेद अमुक' असंच म्हणायला लावा. ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांना झेरॉक्स द्या. ऑर्वेल 1950 साली गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे मूळ मजकुराला अडचण नाही. नव्या प्रस्तावना, टिपा आणि मराठी अनुवाद मात्र त्यात धरू नका, त्यांचे हक्क वेगळे असतात.