पिल्ले रात्रीतच का मरतात?

प्रश्न : एक दिवसाची 200 गावरान कोंबडीची पिल्ले आणली. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कोपऱ्यात पाच-सहा मेलेली सापडतात. दाणापाणी भरपूर आहे, दिवसा ती चांगली हिंडतात.

उत्तर : कोपऱ्यात सापडतात म्हणजे बहुधा थंडीने एकमेकांवर चढून गुदमरतात. पहाटे चारला जाऊन बघा. दिव्याखाली गठ्ठा झाला असेल तर ऊब कमी, सगळी कडेला पांगून धापा टाकत असतील तर जास्त. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश हवेत. पिल्लाचे पाय गालाला लावा. गार लागले तर खाली अंथरलेले तूसही गार आहे. पिल्लांभोवती पत्र्याचे गोल कडे करा, म्हणजे कोपराच उरणार नाही. वीज जात असेल तर शेगडी ठेवा, पण शेडचे पडदे पूर्ण बंद नकोत. कोळशाच्या धुराने पिल्ले झोपेतच जातात.

एवढे करूनही मर थांबली नाही, तर मेलेल्याची बेंबी पाहा. ओली, काळसर, पोट फुगलेले आणि दुर्गंधी असेल तर तो बेंबीचा संसर्ग. तो बहुतेकदा अंडी उबवणी केंद्रातूनच येतो. अँटिबायोटिक अंदाजाने देऊ नका. ताजी मेलेली दोन-तीन पिल्ले बर्फात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे शवविच्छेदनासाठी न्या.