दहावीला बीजगणित हवेच का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. पुढे कला शाखेलाच जायचे हे तिने पक्के केले आहे. मग बीजगणित तिच्या माथी कशाला? (एक पालक, सातारा)

उत्तर : राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘गणित भाग १’ची अनुक्रमणिका एकदा उघडून बघा. दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी या पहिल्या तीन प्रकरणांपाशी मुले अडतात. पुढची तीन आहेत अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. म्हणजे ज्याला आपण सरसकट बीजगणित म्हणतो, त्यात जीएसटी, शेअर आणि म्युच्युअल फंडही आहेत. कला शाखेतल्या अर्थशास्त्राला आणि मानसशास्त्राला सांख्यिकी लागतेच.

‘अर्थनियोजन ठेवा, समीकरणे काढा’ असेही जमत नाही. एक वस्तू १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपयांना मिळाली, तर मूळ किंमत किती? बहुतेक जण ११८० चे १८ टक्के, म्हणजे २१२.४० रुपये वजा करून ९६७.६० सांगतात. ते चुकते, कारण कर मूळ किमतीवर लागला आहे, ११८० वर नाही. मूळ किंमत क्ष मानली की क्ष + ०.१८क्ष = ११८०, म्हणजे १.१८क्ष = ११८०, आणि क्ष = १०००. माहीत नसलेल्या गोष्टीला आधी नाव द्यायचे आणि मग तिला शोधायचे, एवढीच ही युक्ती. (क्ष परका वाटत असेल, तर भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि नुसते ‘या’ लिहीत. दुसरी अज्ञात राशी आली की कालक, तिसरीला नीलक, असे रंग!)

सक्ती राहावी असेच आमचे मत आहे, पण आहे तशी नव्हे. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवणे प्रत्येकाला यायलाच हवे, याचे पटण्याजोगे कारण आम्हाला सापडत नाही. ते विज्ञान शाखेच्या वाटेवर ठेवावे आणि सुटलेल्या तासिका टक्केवारी व आलेखांना द्याव्यात.

प्रश्न : मुलाला सातवीपर्यंत गणितात ऐंशीच्या वर गुण असायचे. आठवीपासून घसरगुंडी लागली. शिकवणी बदलून पाहिली. नेमके बिघडते कुठे? (नाशिक)

उत्तर : बहुधा ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ या मंत्रापाशी. ३क्ष + ५ = २० मध्ये ५ पलीकडे जाऊन वजा झाला, ३क्ष = १५ आले, इथवर ठीक. मग मूल ३ लाही तसेच उचलते आणि १५ − ३ = १२ लिहून मोकळे होते. ३ हा क्षला गुणलेला आहे, मिळवलेला नाही, हे त्या मंत्रात कुठे येतच नाही. म्हणून पंधरा दिवस ‘पलीकडे नेणे’ हा शब्दच बंद करा. बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजूचा काटा. दोन्ही पारड्यांतून ५ काढा, मग दोन्ही पारड्यांचे तीन सारखे वाटे करा. क्ष = ५. प्रत्येक ओळीत दोन्हीकडे काय केले ते लिहायला लावा आणि शेवटी उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करा : १५ + ५ = २०. ताळ्याची सवय लागली की निम्म्या चुका मूल स्वतःच पकडते.

दुसरी चूक कंसाची. −(क्ष − ४) सोडवताना −क्ष − ४ लिहिले जाते. हवे −क्ष + ४. हा दोष आठवीचा नाही, ऋण संख्यांचा पाया कच्चा राहिल्याचा आहे. ‘१० − (६ − ४)’ हे उदाहरण द्या. उत्तर ० आले, तर पूर्णांक संख्या पुन्हा घ्या, क्ष नंतर.

तिसरी, (अ + ब)² = अ² + ब². ३ आणि ४ घालून पाहा : ७ चा वर्ग ४९, पण ९ + १६ = २५. हरवलेले २४ कुठे गेले? चौकटीच्या वहीत ७ बाय ७ चा चौरस काढून बाजू ३ आणि ४ मध्ये तोडा. १२-१२ चौकटींचे दोन आयत समोर दिसतात. तेच २अब.

प्रश्न : सीबीएसईसारखे सोपे गणित आपल्याकडे का नाही? (ठाणे)

उत्तर : सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन पर्याय दिले, पण त्यात अभ्यासक्रम एकच असतो. सोपी-अवघड असते ती प्रश्नपत्रिका. राज्य मंडळातही पूर्वी ‘सामान्य गणित’ होते, ते बंद झाले. असा पर्याय निवडताना मुलाला नकोशा विषयातून सुटका दिसते, पुढचा प्रवेश अर्ज दिसत नाही. तंत्रनिकेतनाला किंवा आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला दहावीचे गणित-विज्ञान विचारतातच.

गणिताची अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचे वेगळे आहे. त्यांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित आणि त्यासोबत एक कार्यानुभवाचा विषय घेण्याची सवलत राज्यात दिली गेली आहे. त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. तपासण्यांना वेळ जातो, तेव्हा दहावीचा अर्ज भरायच्या दिवशी धावपळ करू नका. आठवीत किंवा नववीच्या सुरुवातीलाच शाळेशी बोला.