खर्ड्यातल्या दोन रकान्यांविषयी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हिंदू आणि ख्रिस्ती विचारांची तुलना करणाऱ्या तुझ्या लेखाचा खर्डा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावरचे दोन रकाने खटकले. डावीकडे ‘पौर्वात्य : सर्व काही देव, जग मिथ्या’, उजवीकडे ‘ख्रिस्ती : देव वेगळा, जग सत्य’. डाव्या रकान्यात तू शंकराचार्य, रामानुज आणि ज्ञानोबा एकत्र कोंबले आहेस. शंकराचार्यांना ब्रह्माखेरीज दुसरं काही अंतिम सत्य म्हणून मान्य नाही. रामानुजांना जग आणि जीव हे ईश्वराचं शरीर, म्हणून खरे. ज्ञानोबांना तर जग हा चैतन्याचाच विलास. तिघांना एका दावणीला बांधून केलेली तुलना धड कुणाशीच होत नाही. उजवीकडेही घाई झाली आहे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात प्रेषित पौल अथेन्सच्या लोकांना सांगतो की आपण देवाच्या ठायीच जगतो, वागतो, आहोत. देव कुठेतरी दूर बसला आहे असं ख्रिस्ती धर्म म्हणत नाही. जग त्याने निर्माण केलं आणि ते जग म्हणजे तो नव्हे, एवढंच त्याचं म्हणणं.

खरा भेद माझ्या मते वेगळ्या जागी आहे. शेवटी माणसाचं काय होतं, त्याचं नाव उरतं का, इथे तो दिसतो. दोन उतारे शेजारी ठेवून सावकाश वाच. मुंडकोपनिषदात वाहत्या नद्या नाव आणि रूप टाकून समुद्रात अस्त पावतात, तसा ज्ञानी नामरूपातून सुटून परात्पर पुरुषाला मिळतो. आता योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय घे. पहाटेची वेळ, कबर रिकामी, मरिया मग्दालिया बाहेर रडत उभी. समोर आलेला येशू तिला माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो आणि ती त्याला ओळखते. पुढे त्याच अध्यायात थोमा हा शिष्य येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पाहतो. मरणातून उठलेल्या देहावरही व्रण आहेत, ते पुसलेले नाहीत! एकीकडे नाव गळून पडणं हीच मुक्ती. दुसरीकडे नाव, व्रण, आयुष्यात जे जे सोसलं ते सगळं देव राखून ठेवतो. जवळचं माणूस गेलेल्या घरात हा फरक पुस्तकी राहत नाही, म्हणून इथे दोन परिच्छेद जास्त लिही.

१८९३ मध्ये पॉल डॉयसन या जर्मन पंडिताने मुंबईत वेदान्तावर व्याख्यान दिलं. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर ही आज्ञा शुभवर्तमानात आहे, पण का करायचं याचं उत्तर ‘तत्त्वमसि’ (ते तूच आहेस) या उपनिषदवाक्यात आहे, शेजारी म्हणजे तूच, असा त्याचा युक्तिवाद. देखणा आहे, पण मला पुरा पटत नाही. येशूच्या दाखल्यात जखमी वाटसरूजवळ थांबणारा शोमरोनी परक्या जमातीचा आहे आणि परका असूनच तो थांबतो. दुसरा खरोखर दुसरा असेल, तरच प्रेमात स्वतःचं काही द्यावं लागतं. यावर उपनिषदाचं उत्तरही तगडं आहे. दुसरा आला की भय आलं, असं बृहदारण्यक सांगतं. ते तुझ्या खर्ड्यात नाही. घाल.

हा वाद मिशनऱ्यांनी आपल्याकडे आणला असंही समजू नकोस. ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं’ हे तुकोबांचं मागणं आहे. त्यांना दोघं उरायला हवे होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ही ओळ वाचली की त्यांच्या म्हणण्याचा अर्थ कळतो.

पण देव आणि भक्त एकच मानणाऱ्या अद्वैताची सगळ्यात भक्कम बाजू ज्ञानोबांच्या ‘अमृतानुभवा’त आहे, आणि तिच्याशी भिडल्याशिवाय तुझा लेख पुरा होणार नाही. ‘देव देऊळ परिवारु । कीजे कोरुनि डोंगरु । तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा’. वेरूळचं कैलास लेणं डोळ्यांसमोर आण. देव, देऊळ आणि पुढे उभा भक्त, सगळे एकाच कातळाचे. मग ऐक्यातही भक्ती का नसावी? यापेक्षा सुंदर उत्तर मला माहीत नाही. तरी ख्रिस्ती माणूस विचारेल, कातळातला तो भक्त डोंगराला ‘नाही’ म्हणू शकतो का? त्याच्या दृष्टीने माणूस देवाला नाकारू शकतो, त्या नकारालाच तो पाप म्हणतो, आणि म्हणूनच क्षमेला तिथे एवढं मोल आहे.

तेव्हा रकाने काढून टाक आणि पुढचा खर्डा या ओवीपासून सुरू कर. त्याआधी एखाद्या जाणत्या कीर्तनकाराला आणि एखाद्या पाळकांना हा ‘नाही’चा प्रश्न विचार. त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घे, आपल्या भाषेत गुळगुळीत करू नकोस. लिहून झालं की सुट्टीत घेऊन ये, बसून वाचू.

तुझा,
सर