वाचकांचे प्रश्न : शाईचा ठिपका, बोटांचे ठसे आणि ‘व्हिसेरा राखून ठेवला’

न्यायसहायक विज्ञानावरच्या (फॉरेन्सिक सायन्सवरच्या) बहुतेक पत्रांमागे एकच समजूत दिसते : प्रयोगशाळा गुन्हेगार शोधून काढते. तिचं काम त्याहून पुष्कळ लहान आणि म्हणूनच नेमकं असतं. आलेल्या नमुन्याबद्दल पोलिसांनी विचारलेल्या प्रश्नाचं ती उत्तर देते. पुढची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

आमच्या विज्ञान मंडळात नववीची ४० मुलं आहेत. त्यांच्यासाठी दीड तासाचा ‘गुन्ह्याचा तपास’ बसवायचा आहे. खोटं रक्त, बाहुलीचं प्रेत नको आहे. शाळेकडे साहित्यही बेताचंच आहे. काय करता येईल?
— विज्ञान शिक्षिका, दादर

प्रेत नको म्हणालात ते बरं केलंत. लाल रंग दिसला की मुलं नोंदी सोडून अभिनयाला लागतात. एक निनावी चिठ्ठी आणि चार वेगवेगळ्या कंपन्यांची काळी स्केचपेनं एवढ्यावर दीड तास भरतो. पाच-पाच जणांचे आठ गट करा. चिठ्ठ्या फिल्टर पेपरवरच लिहा, म्हणजे कागदातून शाई काढायचा उपद्व्याप वाचेल. चिठ्ठीच्या खालच्या कडेपासून २ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका येईल असं पाहा.

आधी चिठ्ठीचा फोटो घ्यायचा, शेजारी पट्टी ठेवून. चाचणीत नमुन्याचा काही भाग संपतो, तो परत येत नाही. मग ठिपक्याचा भाग कापून २ सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर लांब पट्टी काढायची. तशाच आणखी पाच पट्ट्या घ्या : चार पेनांच्या चार आणि एक कोरी. प्रत्येकीवर खालून २ सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ (पेनाने नको, रेघच वर चढू लागेल) आणि पेनांच्या पट्ट्यांवर त्या रेघेवर २ मिलिमीटरचा ठिपका; कोरी पट्टी बिनठिपक्याचीच. तो वाळू द्यायचा आणि त्याच जागी आणखी दोनदा टेकवायचा. ग्लासात १ सेंटिमीटर पाणी घालून पट्टी आडव्या पेन्सिलीला लटकवायची. ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे, आणि पट्टी ग्लासाला चिकटता कामा नये. साधारण १० ते १५ मिनिटांत पाणी वर चढतं. वरच्या टोकाला पोचायच्या आत पट्टी काढून पाण्याची हद्द लगेच पेन्सिलीने आखायची, कारण वाळल्यावर ती दिसत नाही. रंग रेघेपासून ६ सेंटिमीटर चढला आणि पाणी ८, तर ६ ला ८ ने भागून आकडा येतो ०.७५. चिठ्ठीतला प्रत्येक रंग आणि पेनातला प्रत्येक रंग यांचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे.

बिघडतं ते बहुधा ठिपक्यात. तो मोठा पडला की रंगांना शेपट्या फुटतात आणि काहीच मोजता येत नाही. बॉलपेनाची शाई तेलकट असल्यामुळे पाण्यात हलत नाही. तिला सर्जिकल स्पिरिट लागतं, ग्लासावर झाकण लागतं, आणि वर्गात एकही ज्योत पेटती चालत नाही. काही जेल पेनांची शाई दोन्हींत जागची हलत नाही. तेही निरीक्षणच आहे, वहीत लिहायला लावा. कोऱ्या पट्टीवर रंग दिसला तर पाणी, कागद किंवा कुणाचा तरी हात खराब आहे असं समजून सगळं पुन्हा करा.

दोन गोष्टी मात्र सोडू नका. एका गटाला अशी चिठ्ठी द्या, जिची शाई चारांपैकी एकाही पेनाची नाही. ‘कोणीच नाही’ हे उत्तर लिहायला मुलं फार कचरतात, आणि ते लिहिता येणं हाच या कामाचा कणा आहे. दुसरी गोष्ट अहवालाची भाषा. ‘पेन क्रमांक ३ ने चिठ्ठी लिहिली’ असं वाक्य आलं तर खोडा. एका साच्याची लाखो पेनं बाजारात असतात. ‘चिठ्ठीची शाई आणि पेन ३ ची शाई या चाचणीत वेगळी दाखवता आली नाही’ इथवरच जाता येतं.

वेळ उरला तर चिठ्ठी पाकिटात घालून बंद करायला लावा. चिकटवलेल्या कडेवर अर्धी अक्षरं इकडे, अर्धी तिकडे पडतील अशी सही, बाहेर क्रमांक, वर्णन, कोणी दिलं, कोणी घेतलं, तारीख आणि वेळ. एका गटाचं पाकीट मुद्दाम बिनसहीचं ठेवा आणि ‘प्रयोगशाळा’ झालेला गट ते पकडतो का बघा. खऱ्या कामात मुद्देमालावरचं लाखेचं सील सोबत आलेल्या नमुना सीलशी जुळतं का, हे पाकीट उघडण्याआधीच पाहतात.

पावडर टाकून काचेवरचे बोटांचे ठसे उठवायचा प्रयत्न करतोय. सगळी काच पांढरी होते, रेघा दिसतच नाहीत.
— दहावीचा विद्यार्थी, विलेपार्ले

तुझं पत्र जुलैचं आहे, तिथेच अर्धं उत्तर आहे. मुंबईच्या पावसाळी हवेत काचेवर ओलाव्याचा पातळ थर असतो आणि पावडर ठशाला धरायच्या ऐवजी सगळीकडे बसते. काच भांड्यांच्या साबणाने धू, पुसून पंख्याखाली नीट वाळव. हात नुकतेच धुतलेले असतील तर ठसा उमटणारच नाही. बोट एकदा कपाळावरून फिरव, मग काचेवर सरळ टेकव आणि सरळ उचल. जरा सरकलं की रेघा पुसल्या. पारदर्शक काचेवर टाल्कमपेक्षा पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चांगली दिसते. टाल्कम काळ्या, गुळगुळीत वस्तूंसाठी राखून ठेव. मेकअपचा मऊ ब्रश पावडरीत टेकवून झटक आणि अगदी हलका फिरव. रेघा दिसू लागल्या की थांब. बहुतेकांचा ठसा इथेच जातो, ‘अजून थोडा उठू दे’ म्हणता म्हणता. मग पारदर्शक सेलोटेप एका बाजूने दाबत नेऊन उचल आणि शिशाचा ठसा पांढऱ्या कागदावर चिकटव, टाल्कमचा काळ्या.

कागदावरच्या ठशांना पावडरीचा फारसा उपयोग नाही, कारण घाम कागदात मुरतो. तिथे निनहायड्रिन वापरतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन जांभळ्या रेघा येतात. कागद भिजला असेल तर ही आम्लं वाहून गेलेली असतात. ओल्या काचेवर किंवा पत्र्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड साबणाच्या पाण्यात कालवून फवारतात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने ठसे उठवण्याच्या पद्धतीला मात्र दमट हवाच लागते, पेटीत साधारण ८० टक्के आर्द्रता राखतात. ते घरी करू नकोस, वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते.

ठशाचा प्रकार ओळखताना घाई होते तेवढं सांभाळ. साधारण ६० ते ६५ टक्के ठसे फाशाचे (रेघा वळून आल्या बाजूलाच परत जातात) असतात, ३० ते ३५ टक्के चक्राचे (रेघा गोल फिरतात) आणि ५ टक्क्यांच्या आसपास कमानीचे. दोघांचाही फासा निघाला याला काही अर्थ नाही. रेघ कुठे संपते, कुठे फुटते हे बिंदू बिंदूने जुळवावं लागतं. मित्रांचे ठसे काम झालं की फाडून टाक. त्याच अंगठ्यावर लोक रेशन घेतात.

ल्युमिनॉल कुठे मिळेल?
— वाचक, कुर्ला

मिळवू नका. रक्ताचा अंश लागला की अंधारात उजळणारं हे रसायन ब्लीचने आणि तांब्यानेही उजळतं. ब्लीचने धुतलेली न्हाणी अंधारात खुनाची जागा वाटेल. रक्ताची शंका घेण्यापुरती ती चाचणी आहे, रक्त आहे हे सिद्ध करायला पुढच्या चाचण्या लागतात.

‘मृत्यूचं कारण राखून ठेवलं, व्हिसेरा कलिन्याला पाठवला’ असं बातमीत येतं. म्हणजे नेमकं काय पाठवतात? आणि अहवालाला इतका वेळ का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, परळ

शवविच्छेदन डॉक्टर करतात, जे.जे., कूपर, राजावाडी अशा ठिकाणी. विषाची शंका असेल तर ते अवयवांचे भाग बाजूला काढतात. त्यांनाच व्हिसेरा म्हणतात, आणि ते कलिन्याच्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. एका बरणीत जठर, त्यातल्या ऐवजासह, आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा सुमारे ३० सेंटिमीटर भाग. दुसरीत यकृताचा साधारण ५०० ग्रॅमचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. बहुतेक प्रकरणांत वरून मिठाचं संपृक्त द्रावण घालतात आणि बरणी दोन-तृतीयांशच भरतात, कारण कुजताना वायू सुटतो आणि काठोकाठ भरलेली बरणी गळते किंवा फुटते. त्याच द्रावणाचा थोडा नमुना वेगळा पाठवावा लागतो, नाहीतर सापडलेली गोष्ट मिठातून आली असा प्रश्न कोर्टात उभा राहतो. फॉर्मलिन चालत नाही. ते ऊतींना कडक करतं आणि विष वेगळं काढणं अवघड होतं.

रक्ताची बाटली वेगळी. १० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि ३० मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट घालतात. फ्लोराइड विसरलं तर जंतू रक्तातल्या साखरेपासून बाटलीतच अल्कोहोल तयार करू शकतात. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे हे लक्षात घेतलं, तर ही चिमूट किती महाग पडते ते कळेल.

आता वेळेचं. विष कोणतं हे विश्लेषकाला माहीत नसतं. उडून जाणारी विषं ऊर्ध्वपातनाने काढायची, धातू आम्लात ऊती पचवून, कीटकनाशकं आणि औषधं द्रावकाने ओढून. मग पातळ थराच्या पट्टीवर (तत्त्व वरच्या शाईच्या पट्टीचंच) प्राथमिक चाळणी आणि शेवटी यंत्रावर खात्री. सोबतच्या कागदावर ‘शेजारी झुरळांच्या औषधाची बाटली सापडली’ एवढी ओळ असली तरी वाट फार कमी होते. ती ओळ अनेकदा नसते. त्यात त्याच विश्लेषकाकडे दारूबंदीचे, अमली पदार्थांचे नमुनेही रांगेत असू शकतात.

‘विष आढळलं नाही’ याचा अर्थ विष दिलं नव्हतं असा नाही. रुग्ण आठवडाभर दवाखान्यात होता, विष शरीरातून निघून गेलं, किंवा इन्सुलिनसारखं काही होतं ज्याची चाचणी मुद्दाम मागावी लागते, असं होऊ शकतं.

मुलगी बारावी सायन्सला आहे. फॉरेन्सिकची पदवी घ्यावी, की केमिस्ट्रीत बी.एस्सी.?
— पालक, मुलुंड

आधी तिला कोणतं काम हवंय ते विचारा. शवविच्छेदन करायचं तर एम.बी.बी.एस. आणि पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. राज्यात ठसे आणि हस्ताक्षर यांची खाती पुण्याला सी.आय.डी.कडे आहेत, कलिन्याच्या प्रयोगशाळेत नाहीत. कलिन्यात विषशास्त्र, जीवशास्त्र, डी.एन.ए., शस्त्रं, सायबर, आवाजाची ओळख असे विभाग आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ कामाचा पाया रसायनशास्त्र हाच आहे. थेट पदवीसाठी फोर्टला मादाम कामा मार्गावर २००९ पासून सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. गांधीनगरला याच विषयाचं राष्ट्रीय विद्यापीठ आहे. तिला रसायनशास्त्र मनापासून आवडत असेल, तर आमचं मत आधी बी.एस्सी. केमिस्ट्री आणि नंतर फॉरेन्सिकची एम.एस्सी. असं आहे. प्रयोगशाळेतली जागा नाही मिळाली तर औषध कंपनीचं दार उघडं राहतं. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका.

फौजदारी तपासाच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून, ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं सक्तीचं केलं आहे. ते लागू करायला राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. त्यामुळे जागा निघतील, पण प्रत्येक जाहिरातीत पात्रतेचे विषय वेगळे असतात. राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या संचालनालयाच्या जुन्या जाहिराती काढून कोणत्या पदाला कोणती पदवी मागितली होती ते तिला आत्ताच वाचू द्या. प्रवेशाचा अर्ज त्यानंतर भरा.