कुत्र्याच्या पिल्लाला दीड महिन्याचं असताना लस दिली, पुढचे डोस खरंच लागतात का?

हो, लागतात, आणि १६ आठवडे पूर्ण झाल्यावरचा डोस तर चुकवूच नका. आईच्या चिकातून (पहिल्या दुधातून) आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, रक्तात असेपर्यंत पार्वो-डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारांवरची लस नीट लागू होत नाही. ती कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलतं, म्हणून दर ३-४ आठवड्यांनी टोचतात (डॉक्टरांच्या कमाईसाठी नव्हे). रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, मग वर्षाने बूस्टर. कुपी २ ते ८ अंशांच्या फ्रिजमधून समोर काढलेली हवी. मेडिकलमधून साध्या पिशवीत, उन्हातून आणलेलीचा भरवसा नाही. कुपीचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या. पिल्लाला ताप किंवा जुलाब असतील, तर मात्र बरं होईपर्यंत थांबा.